मेव्हण्याच्या लग्नाचे बटाटे

बटाटे कुस्करायला अक्कल लागत नाही, असं मी माझ्या बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला कुठे काय बोलावं एवढं कळायला हवं. पण त्या दिवशी मी जोरात होतो.

"उकडायचे, सोलायचे, कुस्करायचे," मी म्हणालो. "केलची, म्हणजे त्या कुरळ्या कोबीची, पानं शिजवून, बारीक चिरून त्यात ढकलायची. गरम दुधात पातीचा कांदा घालून ते दूध ओतायचं. मधोमध आळं करायचं, आळ्यात लोणी सोडायचं. झालं कोलकॅनन. डिंफना, मी अख्खा ट्रॅक्टर खोलून परत जोडतो. बटाट्याला तर एक स्क्रूसुद्धा नसतो."

डिंफनाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे यंदा हॅलोवीनचं जेवण तू करणार?"

"मीच."

"का?"

माझी बायको सहसा कारण विचारत नाही. विचारते तेव्हा तिला कशाचा तरी वास आलेला असतो.

"तुला जरा आराम," मी म्हणालो.

"गेल्या खेपेला तू मला आराम दिलास तेव्हा कपडे धुवायचं मशीन अंगणात सापडलं होतं."

हे खरं आहे. पण ते मशीन आता पूर्वीच्या दुप्पट वेगाने फिरतं, हे ती कुणाला सांगत नाही.

खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. खरं कारण होतं तिचा भाऊ, मॅलकी.

मॅलकी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. शेत स्वतःचं, गुरं धष्टपुष्ट, दारू बेताची. ऊना मॅगवर्न नावाची एक नर्स गेली नऊ वर्षं दर शनिवारी त्याच्याबरोबर नाचायला जाते. या नऊ वर्षांत त्याने तिला गरम पाण्याची पिशवी दिली, कुंपणाला लावायला गुलाबाचं रोप दिलं, एकदा एक कोकरू दिलं. लग्नाचं मात्र विचारलं नाही. नको होतं म्हणून नव्हे. मॅलकी खूण मिळण्याची वाट बघत होता.

आयर्लंडातल्या आमच्या रॉसकॉमन जिल्ह्यात खुणा सगळेच थोड्याफार पाळतात. बटाटे मीही गुड फ्रायडेलाच लावतो. शेताच्या मधोमध एकटं काटेरी झुडूप असेल तर त्याला कुऱ्हाड मीही लावणार नाही. ते ज्या पऱ्यांचं आहे त्यांच्याशी वैर कोण घेणार? पण मॅलकीने हद्द केली. मॅगपाय पक्षी एकटा दिसला तर अशुभ आणि जोडीने दिसले तर शुभ, म्हणून तो जोडीची वाट बघत बसला होता. मी त्याला मुद्दाम गाडीत घालून चर्चमागे नेलं आणि भिंतीवर बसलेली जोडी दाखवली. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं.

"ते एकमेकांकडे बघत नाहीयेत," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

अशा माणसाचं काय करायचं? तसं मी काही केलंही नसतं. पण ऑक्टोबरात ऊनाला तिच्या बहिणीने कॅनडाला बोलावलं. तिथल्या रुग्णालयात नोकरी होती, पगार बरा होता आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हे ऊनाने डिंफनाला आमच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. मी तेव्हा मोरीच्या पाइपाखाली आडवा पडलो होतो, आणि मी तिथे आहे हे त्या दोघी विसरल्या होत्या.

"मी थांबले असते गं," ऊना म्हणाली. "पण थांब असं कुणी म्हणावं लागतं."

मला पाइपाखाली भरून आलं. मॅलकी बोलका माणूस नाही. पण शनिवारी संध्याकाळी दाढी करून तो आमच्या रस्त्याने जातो तेव्हा शीळ घालत जातो. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो माणूस गुरांशीसुद्धा मोजकंच बोलतो. ऊना गेली तर तो मरेपर्यंत आपल्या आईसमोर बसून उकडलेली अंडी खाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी डिंफनाला म्हटलंही, "त्याला जरा ढोसू या का?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "त्याने आपणहून विचारलं पाहिजे. दुसऱ्याने ढकललेला नवरा तिला कशाला हवा? आणि तू तर मध्ये पडूच नकोस."

म्हणून तर मी मध्ये पडायचं ठरवलं.

कोलकॅननमध्ये आमच्याकडे पूर्वी अंगठी लपवायचे. हॅलोवीनच्या संध्याकाळी ती ज्याच्या घासात येईल त्याचं वर्षाच्या आत लग्न. बटण आलं तर तो जन्मभर सडाफटिंग. याहून मोठी खूण आमच्या सबंध जिल्ह्यात नाही. एकदा अंगठीवर दात दुखावल्यापासून डिंफनाने हा प्रकार बंद केला होता. आता अंगठी फक्त बेकरीच्या मनुकांच्या पावात मिळते. मी दोन पाव आणले, गॅरेजमध्ये कामाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांचा भुगा केला, आणि दुसऱ्या पावात कागदात गुंडाळलेली पितळी अंगठी मिळवली. भुगा मीच खाल्ला. पुरावा ठेवायचा नव्हता.

बेत सरळ होता. घरात निळ्या काठाची एकच ताटली आहे. तिच्यात अंगठी दडवायची आणि ती मॅलकीच्या पुढ्यात ठेवायची. ऊनाही जेवायला येणारच होती. अंगठी दाताखाली येणार, मॅलकीला खूण मिळणार, तो टेबलापलीकडे बसलेल्या ऊनाला विचारणार, आणि डिंफना म्हणणार, बघ, विचारलं की नाही त्याने आपणहून!

हॅलोवीनच्या दुपारी डिंफना आईला आणि भावाला आणायला गाडी घेऊन गेली. सासूबाईंना घराबाहेर काढायला वेळ लागतो. आधी शेगडी बघायची, मग कोंबड्या कोंडायच्या, मग दाराशी पवित्र पाणी शिंपडायचं, मग शेगडी परत बघायची. म्हणजे मला स्वयंपाकघर मोकळं होतं.

बटाटे मॅलकीच्याच शेतातले होते, पिठूळ जातीचे, शिजले की साल आपोआप फुटते तसले. पाच माणसांना पुरून उरतील एवढे मी उकडले. सोलताना बोटं भाजली, पण सोलले. मग डिंफनाचा लाकडी दट्ट्या घेऊन कुस्करायला लागलो. खूप वेळ कुस्करले. भांड्यात पाहिलं तर निम्मे बटाटे अजून बटाटेच होते.

माणूस हाताने करतो ते काम यंत्र जास्त चांगलं करतं, यावर माझं पोट चालतं. गॅरेजमध्ये माझं मोठं ड्रिल मशीन होतं, आणि त्याला लावायचं नवंकोरं पातं होतं, रंग ढवळायचं. कोरं होतं, हे पुन्हा सांगतो, कारण पुढे यावर फार बोललं गेलं. मी ते उकळत्या पाण्यातून काढलं, भांडं दोन गुडघ्यांत धरलं आणि बटण दाबलं.

पहिला गोळा छताला गेला. तो पडेल म्हणून मी जरा थांबलो. तो पडला नाही. तो अजून तिथेच आहे.

मग मी वेग कमी केला आणि काम छान चालू झालं. गाठी गेल्या. बटाटा मऊ झाला, मग गुळगुळीत झाला, मग चकाकायला लागला. चकाकणं हे इंजिनाच्या बाबतीत चांगलं लक्षण असतं. मी आणखी फिरवलं. तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला, पातं जड झालं, आणि मी ते वर उचललं तर त्याच्याबरोबर सगळे बटाटे आणि भांडंही उचललं गेलं.

फार घोटला की बटाट्याची खळ होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पतंग चिकटवायला लागते तशी खळ. मी हात घालून पातं सोडवायला गेलो तर हात अडकला. हात सोडवला तर शर्टाची बाही अडकली. एक पाय टेबलाला लावून मी बाही खेचली, ती फटकन सुटली, आणि मी शेगडीवर जाऊन आदळलो. बाही सुटली एवढंच मी तेव्हा पाहिलं.

दुसरा कुणी असता तर त्याने हात टेकले असते. मी दूध वाढवलं. कांद्याची पात वाढवली. केल मिसळली, केल उत्तम शिजली होती, हे मात्र कुणीही कबूल करेल. दूध खळीत मुरेना, वरच तरंगत राहिलं, तर मी लोणी वाढवलं आणि दोन्ही हातांनी मळलं. शेवटी जे झालं ते हिरवट पांढरं आणि वाफाळतं होतं. लांबून ते कोलकॅनन दिसत होतं. चमच्याला चिकटलेलं ताटलीत पडेना म्हणून मी गॅरेजातली भिंतीला लांबी भरायची पट्टी आणली, तीही कोरी, आणि पाच ताटल्या वाढल्या. निळ्या काठाच्या ताटलीत उजव्या बाजूला कागदासकट अंगठी दाबली, वरून लिंपून घेतलं आणि आळ्यात लोणी सोडलं. अंगणात गाडी वाजली तेव्हा मी ड्रिल मशीन पलंगाखाली ढकलून परत आलो होतो.

सासूबाई आत आल्या, कोट काढला, छताकडे बघितलं आणि आपली खुर्ची त्या गोळ्याखालून जरा बाजूला ओढली.

"यंदा डेक्लनने केलंय, आई," डिंफना म्हणाली.

"वासावरून वाटलंच."

मॅलकीने चिखलाचे बूट काढून शेगडीजवळ ठेवले आणि मोज्यांवरच टेबलाशी आला. ऊनाची रुग्णालयातली ड्युटी उशिरा संपणार होती. आपण सुरू करा, मी येतेच, असा तिचा निरोप होता. मी मॅलकीला नेहमीच्या जागी बसवलं आणि निळ्या काठाची ताटली त्याच्याकडे सरकवायला हात पुढे केला. तेवढ्यात सासूबाईंनी ती उचलली.

"गेलेल्यांची ताटली कुठाय?" त्या म्हणाल्या.

या संध्याकाळी गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी एक ताटली खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची असते, चमच्यासकट. डिंफना दर वर्षी ती आधी काढून ठेवते. माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं.

"आई, ही नको," मी म्हणालो. "मी दुसरी वाढून देतो."

"ही का नको? ह्यांना निळा काठ फार आवडायचा."

"हिच्यात मीठ कमी पडलंय."

"बरंच झालं. ह्यांना रक्तदाब होता."

"गार पण झालीय."

"डेक्लन, ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता गरम काय नि गार काय."

आणि माझ्या देखत माझ्या मेव्हण्याचं लग्न खिडकीतून बाहेर गेलं. सासूबाईंनी त्यात चमचा खोचला, तो ताठ उभा राहिला. पॅकींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आत सगळे दिसावेत म्हणून त्यांनी पडदाही बाजूला केला. मग प्रार्थना झाली आणि सगळे जेवायला बसले. मी भांड्यातलं उरलेलं खरवडून ऊनाची ताटली वाढली आणि बसलो. आता काय करावं, ते मला सुचेना.

"घट्ट झालंय," मॅलकी पहिल्या घासाला म्हणाला. त्याच्या तोंडची ती टीका नव्हती, निरीक्षण होतं.

"अंगाला लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या घासाला कट् असा आवाज आला.

मॅलकी चावायचा थांबला. त्याने दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं, रुमालाने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. ते बटण होतं. पांढरं, चार भोकांचं, शर्टाचं बटण.

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला.

"डेक्लन," डिंफना म्हणाली, "तू यात काही घातलंस?"

"बटण नाही घातलं."

"मग काय घातलंस?"

मी घोटभर पाणी प्यायलो. मग माझं लक्ष माझ्या उजव्या बाहीकडे गेलं. ती उघडी लोंबत होती आणि बटणाच्या जागी दोऱ्याचं एक टोक उरलं होतं.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "हे बटण माझं आहे. हे बघ, मॅलकी, माझ्या बाहीचं. मळताना तुटून पडलं असणार. म्हणजे ही काही खूण नव्हे."

मॅलकीने माझी बाही पाहिली, बटण पाहिलं. "पाच जणांचं जेवण होतं," तो म्हणाला. "माझ्याच घासात आलं."

"अरे, पण बाही माझी!"

"खूण कुणाच्या बाहीतून येते याला महत्त्व नसतं, डेक्लन."

"मॅलकी, वेड्यासारखं करू नकोस," डिंफना म्हणाली.

"नाही करत. नऊ वर्षं केलं." तो बटणाकडे बघत होता. "ऊना आली की तिला सांगतो, जा म्हणून. चांगली नोकरी आहे. मी उगाच तिला अडकवून ठेवलंय."

हे तो अगदी शांतपणे बोलला. जे लग्न अजून ठरलंही नव्हतं, ते मी बाहीच्या बटणाने मोडलं होतं. आता मात्र माघार घेणं शक्य नव्हतं. अंगठी काही कॅनडात नव्हती, भिंतीच्या पलीकडे होती. ती आणायची, बोलता बोलता मॅलकीच्या ताटलीत सोडायची, आणि दोन खुणा एकमेकींशी भांडू द्यायच्या. निदान ऊना येईपर्यंत तो विचारात तरी पडला असता.

"शेगडीला कोळसा हवाय," मी उठून म्हणालो.

"शेगडी लाल झालीय," डिंफना म्हणाली.

"मग आताच आणलेला बरा," असं म्हणून मी बाहेर पडलो.

बाहेर अंधार पडला होता आणि बारीक पाऊस चालू होता. खिडकीतून उजेड नेमका त्या ताटलीवर पडत होता. समोर उभं राहिलो तर आतून दिसणार, म्हणून मी कट्ट्याखाली उकिडवा बसलो आणि नुसता हात वर घालून ताटली चाचपायला लागलो. थंडीने बटाटा आणखी आवळला होता. चमचा ओढला तर ताटली बरोबर यायला लागली. मग मी चमचा सोडून बोटं खुपसली आणि उजव्या बाजूला खणायला लागलो.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाईंची नजर खिडकीकडे होती. अंधारातून एक ओला, पांढरा माखलेला हात वर आला आणि पॅकींच्या ताटलीत शिरला, एवढं त्यांनी पाहिलं.

"हे आले," त्या म्हणाल्या आणि जपमाळ काढून उभ्या राहिल्या. "आणि भूक लागलेली दिसतेय."

हे बाहेर मला कुठलं ऐकू येणार? बोटांना कागद लागला होता. मी तो ओढून काढला आणि त्याच क्षणी माझ्यावर टॉर्चचा उजेड पडला.

"डेक्लन?"

ऊना होती. डिंफनाची गाडी वाटेत होती म्हणून फाटकापाशीच गाडी लावून ती चालत आली होती. अंगात कोट, खाली कामावरचे पांढरे बूट.

"ते पॅकीकाकांचं जेवण आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग तू काय करतोयस?"

"चव बघतोय," मी म्हणालो. दचकलेल्या माणसाकडून याहून बऱ्या उत्तराची अपेक्षा करू नये. दचकताना माझ्या हातातली कागदाची पुडी उडाली आणि तिच्या पायांपाशी खडीत पडली. मी झेपच घेतली. ओल्या खडीत गुडघ्यांवर बसून मी ती शोधली, कागद सोलला, आणि अंगठी शाबूत आहे ना, हे बघायला ती टॉर्चच्या उजेडात वर धरली.

"सापडली," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसतही असणार.

घराचं दार उघडलं. पुढे जपमाळ घेऊन सासूबाई, मागे डिंफना, आणि तिच्या मागे गळ्याला रुमाल अडकवलेला मॅलकी. तिघांनी पाहिलं ते असं: मी ऊनासमोर गुडघे टेकून बसलोय, हातात अंगठी आहे, तोंडावर समाधान आहे, आणि ऊना अंगठीवर उजेड धरून उभी आहे.

"हे पॅकी नव्हेत," सासूबाई म्हणाल्या.

"डेक्लन," डिंफना म्हणाली. नुसतं नाव घेतलं. पुढचं काही म्हणायची तिला गरज नसते.

"मला काही माहीत नाही," ऊना म्हणाली. "मी आत्ताच आले."

"मी सगळं सांगतो," मी म्हणालो. "ही अंगठी मॅलकीसाठी होती." हे वाक्य बोललो तेव्हा मला बरोबर वाटलं होतं. हवेत गेल्यावर ते तितकं बरोबर वाटेना. "म्हणजे मॅलकीच्या ताटलीत. बटाट्यातून. मग ती पॅकींकडे गेली."

मॅलकी दोघींच्या मधून पुढे आला. पायात बूट नव्हते. त्या टोचऱ्या, ओल्या खडीवरून तो मोज्यांवर चालत आला, वाटेत एकदाही कण्हला नाही, आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत माझं बटण होतं. मला वाटलं, आता हा मला मारणार. मारलं असतं तर मी काही म्हटलं नसतं.

"ऊठ तिथून," तो म्हणाला.

"मॅलकी, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ऊठ, डेक्लन. ती जागा माझी आहे."

मी उठलो. तो माझ्या जागेवर, माझ्याच गुडघ्यांच्या खळग्यांत, दोन्ही गुडघे टेकून बसला. त्याने अंगठीसाठी माझ्यापुढे हात पसरला आणि मी ती दिली.

"मला जेवणात बटण आलंय," मॅलकी तिला म्हणाला. "याहून वाईट खूण नसते. मी तुला जा म्हणणार होतो. मनातल्या मनात सगळं जुळवूनही ठेवलं होतं." तो थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "पण तुझ्यासमोर दुसरं कुणी असं बसलेलं मला बघवलं नाही. हा बसला तरी बघवलं नाही. तू जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर."

पावसाची भुरभुर चालू होती. ऊनाने टॉर्च बंद केला. तिला आपलं रडणं दिसू द्यायचं नव्हतं, पण खिडकीतून पुरेसा उजेड येत होता.

"नऊ वर्षं, मॅलकी," ती म्हणाली.

"हो."

"कोकरू दिलंस मला. कोकरू!"

"चांगलं होतं ते."

"चांगलं होतं," ती म्हणाली. "करते लग्न. ऊठ आता, मोजे भिजले सगळे."

अंगठी तिच्या करंगळीतच गेली, आणि तिला लागलेल्या बटाट्याने ती तिथे अशी बसली की नंतर साबणाने, तेलाने, कशानेच निघेना. बुधवारी तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरने ती कापून काढली. पण त्या क्षणी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. डिंफना रडत होती, मी डोळे पुसत होतो आणि सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"सगळं छान झालं," त्या म्हणाल्या, "पण ह्यांच्या ताटलीत कुणी खणलंय?"

मला आत जाऊन नवी ताटली वाढून आणावी लागली. भांड्यात काही उरलं नव्हतं, म्हणून मी माझीच दिली. मला ती संपवणं तसंही जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डिंफना खिडकीशी चहा घेऊन उभी होती. बाहेर ताटली तशीच्या तशी होती. लोण्याच्या आळ्यात पावसाचं पाणी साचलं होतं. कट्ट्यावरून एक कावळा चालत आला, त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि न शिवता उडून गेला.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मला आज शाबासकी घ्यायची होती.

"काही म्हण," मी म्हणालो, "शेवटी जमलं ते माझ्यामुळेच. मी तिथे गुडघे टेकून बसलो नसतो तर तो जन्मात बसला नसता."

"ते खरं आहे," डिंफना म्हणाली. मी खूश होऊन खुर्ची ओढली.

"छान दिसत होतास," ती पुढे म्हणाली. "ओल्या खडीत, अंगठी वर धरून. मी पहिल्यांदाच पाहिलं तुला तसं."

"पहिल्यांदा कसं?"

"मला तू ट्रॅक्टरखालून विचारलं होतंस. आधी मोठा पाना मागितलास, मग म्हणालास, जूनमध्ये लग्न करायचं का. मला तुझे बूट तेवढे दिसत होते." तिने चहाचा शेवटचा घोट घेतला. "मी त्या बुटांना हो म्हटलं."

मी बाहेर गेलो, ताटली आत आणली आणि मुकाट्याने घासायला घेतली.